अकरावीतल्या मुलाला पुस्तक सांगताना

महाराष्ट्रातल्या कनिष्ठ महाविद्यालयांत आणि खासगी क्लासमध्ये गणित व भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सर्व सरांना आणि मॅडमना,



मी पदवीच्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवतो. तुम्ही दोन वर्षं घडवलेली मुलं नंतर माझ्या वर्गात येतात, त्यामुळे तुमचं काम मला जवळून दिसतं. बोर्डाची परीक्षा, सीईटी, जेईई, प्रॅक्टिकलच्या बॅचेस, पालकसभा आणि मधेच येणारी निवडणुकीची ड्युटी, एवढं सांभाळून तुम्ही शिकवता याची मला पूर्ण जाणीव आहे. हे पत्र तक्रारीचं असलं तरी तुमचं उणं काढायला लिहिलेलं नाही. एका नेहमीच्या प्रश्नाला तुमच्याकडून जे नेहमीचं उत्तर मिळतं, त्यापायी काही चांगल्या मुलांचं नुकसान होताना मी वर्षानुवर्षं पाहतो आहे, आणि आता ते तुमच्यापर्यंत पोचवल्याशिवाय राहवत नाही.

प्रश्न साधा असतो. अकरावीतला एखादा मुलगा किंवा मुलगी तास संपल्यावर थांबते आणि विचारते, ‘सर, मला पुढे फिजिक्सच करायचंय. आत्तापासून काय वाचू?’ कधी फिजिक्सच्या जागी मॅथ्स असतं. पुण्याच्या आयसरला, कलिन्याच्या सीईबीएसला, चेन्नईच्या सीएमआयला, कोलकाता-बंगळुरूच्या आयएसआयला किंवा आपल्याच जिल्ह्याच्या गावातल्या बीएस्सीला केवळ विषय आवडतो म्हणून जाऊ पाहणारी ही मुलं. ती थोडी असतात. पण हा प्रश्न विचारायला त्यांना तुमच्याशिवाय दुसरं माणूस नसतं. घरात विचारलं तर ‘आधी इंजिनीअरिंगचं बघ’ एवढंच ऐकायला मिळतं.

तुमच्याकडून त्यांना दोनपैकी एक उत्तर मिळतं. बहुतेकदा असं: ‘जेईईची तयारी कर, त्यात सगळं येतं. मॉड्यूल संपव, टेस्ट सिरीज लाव, वेळ उरला तर इरोडोव्ह सोडव.’ दुसरं उत्तर देणारे थोडे, पण त्यांची तळमळ मोठी: ‘फाइनमन वाच. गणितासाठी रुडिन घे.’ ही पुस्तकं थोर आहेत, त्याबद्दल वाद नाही. वाद याबद्दल आहे की पहिलं उत्तर देताना आपल्या डोळ्यांसमोर परीक्षा असते आणि दुसरं देताना पुस्तकाची कीर्ती. समोर उभं असलेलं सोळा वर्षांचं मूल, त्याला काय येतं, काय येत नाही, ते कुठे निघालंय, याचा विचार दोन्ही वेळा राहून जातो.

‘जेईईत सगळं येतं’ हे आधी तपासून पाहू. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. जेईई मेनमध्ये तीन तासांत तिन्ही विषयांचे मिळून ७५ प्रश्न. एवढ्या वेळात उत्तर काढायचं तर प्रश्न पाहताक्षणी त्याची जात ओळखता आली पाहिजे आणि त्या जातीची रीत हाताशी तयार पाहिजे. हे कौशल्य कष्टाने येतं, त्याला मी कमी लेखत नाही. पण विद्यापीठातल्या गणिताचा आणि भौतिकशास्त्राचा प्रश्न असा ओळखून सुटत नाही.

साधा लंबक घ्या. त्याच्या आवर्तकालाचं सूत्र प्रत्येकाला पाठ असतं. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये त्यावरून गुरुत्वत्वरण काढलेलं असतं, त्याला शिक्षकाची सहीसुद्धा असते. सूत्र लहान कोनासाठी आहे हेही मुलं न चुकता सांगतात. मी विचारतो, लहान म्हणजे किती? इथे चार पर्याय नाहीत. साइन थीटाच्या जागी नुसता थीटा ठेवला तेव्हा आपण काय टाकून दिलं, ते आधी पाहायला लागतं. टाकून दिलेल्यातलं सगळ्यात मोठं पद म्हणजे थीटाचा घन भागिले सहा. ते परत घेतलं तर आवर्तकाल किती बदलतो, हे मग काढायचं. आयाम २० अंशांचा असेल तर खरा आवर्तकाल सूत्रापेक्षा सुमारे पाऊण टक्क्याने जास्त येतो, ६० अंशांना सात टक्क्यांनी आणि ९० अंशांना अठरा टक्क्यांनी. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: स्टॉपवॉच दाबताना तुमचा हात किती मागेपुढे होतो? मोजमापातच दोन टक्के इकडेतिकडे होत असतील, तर २० अंशांचा हा फरक तुम्हाला दिसणारच नाही आणि तुमच्यापुरता तो कोन लहानच. या एका प्रश्नात कलन येतं, अंदाज बांधणं येतं, प्रयोग येतो, आणि एक अख्खी दुपार जाते. उत्तम पर्सेंटाइल घेऊन आलेली मुलं इथे गोंधळतात. त्यांची बुद्धी कमी नसते. दोन वर्षांत एका प्रश्नाला एक दुपार द्यायला त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

प्रश्नसंग्रह आणि पाठ्यपुस्तक यांतला फरक हाच आहे, आणि तो आपण मुलांना सांगत नाही ही माझी मोठी तक्रार आहे. पाठ्यपुस्तक कल्पना जन्माला घालतं, तिची गरज का पडली ते सांगतं, ती कुठे मोडते ते दाखवतं. प्रश्नसंग्रह हे सगळं आधी झालंय असं गृहीत धरतो. क्लासच्या सूत्रांच्या पुस्तिका तर त्याही पलीकडे गेल्या आहेत: निष्कर्ष तेवढे छापायचे, ते आले कुठून याची वाटच पुसून टाकायची.

यावर रामानुजनचं नाव घेतलं जातं, म्हणून त्याबद्दलही लिहितो. १९०३च्या सुमाराला कुंभकोणममध्ये रामानुजनच्या हाती कार यांचं ‘सिनॉप्सिस’ पडलं. हजारो निष्कर्ष ओळीने मांडलेले, सिद्धता जवळजवळ नाहीतच. हे जॉर्ज शूब्रिज कार कोण होते? लंडनमध्ये शिकवण्या घेणारे खासगी शिक्षक. केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी केलेल्या टिपणांतून त्यांचं ते पुस्तक तयार झालं. म्हणजे आजच्या भाषेत ते क्लासचं मटेरियलच होतं. रामानुजनने त्यातला एकेक निष्कर्ष स्वतः सिद्ध करत नेला, कारण तो रामानुजन होता. तरीही सिद्धता म्हणजे काय याची त्याची कल्पना धूसर राहिली, आणि ती उणीव या पुस्तकाच्या घडणीशी जोडूनच हार्डींनी पाहिली. ज्या पुस्तकाने अशा माणसाच्याही शिक्षणात एवढी पोकळी ठेवली, त्याच जातीची पुस्तकं आपण साध्या हुशार मुलांच्या हाती ‘पाया पक्का होईल’ म्हणून देतो आहोत.

तेव्हा पहिली विनंती अशी की पुस्तकाचं नाव सांगण्याआधी मुलाला थोडं विचारा. परीक्षेसाठी हवंय की विषयासाठी? दोन्हीसाठी असेल तरी हरकत नाही, फक्त ती दोन वेगळी कामं आहेत हे त्याला सांगा. बोर्डाच्या पुस्तकातलं कोणतं प्रकरण मार्क मिळूनही कळलेलं नाही? या प्रश्नाचं उत्तर ज्याला देता येतं, त्याच्यासाठी पुस्तक निवडणं सोपं जातं.

दुसरी विनंती क्रमाबद्दल आहे, आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची. भौतिकशास्त्राची आवड असलेल्या मुलालाही आधी गणिताचं पुस्तक द्या.

कारण बारावीचं भौतिकशास्त्र बारावीच्या गणिताच्या पुढे धावतं. गॉसचा नियम बारावीच्या भौतिकशास्त्रात येतो आणि त्यात पृष्ठावरचं संकलन असतं. गणिताच्या पुस्तकात ते कुठेच शिकवलेलं नसतं. मग मुलं गोल, लांब तार आणि सपाट पत्रा ही तीन उदाहरणं पाठ करतात. तिथे क्षेत्र बाहेर काढून नुसतं क्षेत्रफळाने गुणता येतं, आणि त्यांचा समज होतो की गॉसचा नियम म्हणजे हा गुणाकार. टेलरची श्रेणी बारावीपर्यंत शिकवली जात नाही, पण भौतिकशास्त्रात पहिल्या दिवसापासून लागते. वर लंबकात आलेला थीटाचा घन तिथलाच. आंशिक विकलन नसतं, पण उष्मागतिकीचं पान त्याशिवाय उलटता येत नाही. ही उणीव घेऊन आलेल्या मुलाला माझ्या वर्गात वाटतं, आपल्याला फिजिक्स जमत नाही. वास्तविक त्याला फिजिक्स जमत असतं, अडत असतं ते गणित.

सुरुवात बीजगणितापासून करावी लागली तरी लाज बाळगू देऊ नका. इस्राएल गेल्फांड हे गेल्या शतकातले मोठे गणिती. त्यांनी १९६४ मध्ये मॉस्कोत पत्राने गणित शिकवणारी शाळा काढली, ती मोठ्या शहरांपासून लांबच्या गावांतल्या, चांगला शिक्षक न मिळणाऱ्या मुलांसाठी. त्या कामातून बीजगणित, त्रिकोणमिती, निर्देशक भूमिती, फलनं आणि त्यांचे आलेख यांवरची छोटी पुस्तकं आली. दिसायला सोपी आणि बारीक, पण ज्या मुलाने त्यातलं प्रत्येक गणित स्वतः सोडवलं त्याचा हात पुढे अडत नाही. आपल्या चंदगडच्या, अहेरीच्या किंवा साक्रीच्या मुलासाठी याहून नेमकी पुस्तकं मला माहीत नाहीत. मुलगी गणितालाच जाणार असेल तर ‘चॅलेंज अँड थ्रिल ऑफ प्री-कॉलेज मॅथेमॅटिक्स’ हे ऑलिम्पियाडच्या वाटेवरचं भारतीय पुस्तक आहे. कूरांट आणि रॉबिन्स यांचं १९४१ सालचं ‘व्हॉट इज मॅथेमॅटिक्स?’ हे तर आपलं मन गणितात रमतं का, हे पडताळून पाहण्याचं उत्तम साधन आहे.

मग कलन. बारावीत संकलनाची शंभर रूपं घोटलेल्या मुलाला मायकेल स्पिव्हॅकचं ‘कॅल्क्युलस’ द्या. पहिल्या प्रकरणात हे पुस्तक संख्यांचे बारा गुणधर्म मांडतं आणि सांगतं की आता फक्त यांच्यावर उभं राहून बोलायचं. दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन का येतो, हे मुलाला आयुष्यात पहिल्यांदा सिद्ध करावं लागतं. काहींना ते पोरकट वाटतं आणि ते पुस्तक मिटतात. काहींचा चेहरा उजळतो. गणिताला कोणी जावं हे मला विचाराल तर मी या दुसऱ्या मुलांकडे बोट दाखवीन. अपॉस्टलचे दोन खंडही त्याच तोडीचे, आणि त्यात संकलन विकलनाच्या आधी येतं, त्यामुळे आधी क्षेत्रफळाची कल्पना मनात नीट बसते. ज्याला भौतिकशास्त्रच करायचंय त्याने स्पिव्हॅक पूर्ण वाचायलाच हवा असं नाही. त्याला सदिश, टेलरची श्रेणी, साधी अवकल समीकरणं आणि दोन चलांतलं विकलन एवढं हाताला वळण पडेपर्यंत यायला हवं.

रुडिन मात्र सांगू नका. निदान अकरावीत नाही. १९५३ सालचं ते पुस्तक विद्यापीठात एकदा कलन नीट शिकून आलेल्यांसाठी आहे, आणि त्याची घट्ट, कोरीव मांडणी नवख्या वाचकाला बाहेरच ठेवते. विश्लेषणाकडे जायची घाई असेलच तर आपल्याकडचंच एक पुस्तक सुचवतो. मुंबई विद्यापीठात शिकवलेले एस. कुमारेसन यांनी १९९३ पासून गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी एमटीटीएस ही शिबिरं चालवली. त्यांनी अजित कुमार यांच्याबरोबर लिहिलेल्या ‘अ बेसिक कोर्स इन रिअल अ‍ॅनॅलिसिस’मध्ये सिद्धता लिहिण्याआधी ती सुचते कशी, हे उलगडून दाखवलं आहे. घोकंपट्टीतून आलेल्या मुलाला हवं असतं ते नेमकं हेच.

भौतिकशास्त्राकडे येतो. एच. सी. वर्मा यांचे दोन खंड तुम्ही सर्वजण सांगताच, आणि ते योग्यच आहे. १९९२ पासून या देशातल्या किती मुलांना त्या पुस्तकाने भौतिकशास्त्राची गोडी लावली असेल! पण तुम्ही त्यातली गणितं सोडवायला सांगता आणि मजकूर सोडून देता, ही माझी तक्रार. वर्मांचं खरं बळ प्रकरणांच्या लेखनात आहे आणि आकडेमोड नसलेल्या छोट्या प्रश्नांत आहे. ते प्रश्न परीक्षेत येत नाहीत म्हणून क्लासमध्ये त्यांच्यावर फुली मारली जाते. विषयासाठी वाचणाऱ्या मुलाला उलटा क्रम सांगा: आधी मजकूर, मग ते प्रश्न, शेवटी आकड्यांची गणितं.

त्यानंतर रेसनिक-हॅलिडे चालेल, यंग-फ्रीडमन चालेल. एका मुलाला एकच पुरे. पुढची पायरी आहे क्लेपनर आणि कोलेनकाव यांचं यामिकीवरचं पुस्तक, १९७३ साली एमआयटीच्या पहिल्या वर्षासाठी लिहिलेलं. त्यातली गणितं सूत्रात किंमत भरून सुटत नाहीत. आकृती काढावी लागते, कोणत्या वस्तूवर कोणतं बल आहे ते एकेक लिहावं लागतं, आणि शेवटी आलेलं उत्तर टोकाच्या परिस्थितीत शहाणपणाचं ठरतं का ते तपासावं लागतं. वस्तुमान शून्य केलं तर काय होतं? कोन नव्वद केला तर? ही सवय अकरावीत लागली तर ते मूल माझ्याकडे येईपर्यंत निम्मं भौतिकशास्त्र शिकलेलं असतं. वर्मा पचला, कलन हाताशी आलं, की बारावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत या पुस्तकाची पहिली चार प्रकरणं नीट होतात. चारच. ती झाली तरी मी म्हणेन की त्या मुलाने सुट्टीचं सोनं केलं.

पर्सेलचं विद्युतचुंबकत्वाचं पुस्तक मला फार प्रिय आहे, म्हणून त्याबद्दल सावध करतो. चुंबकत्व हे गतिमान विद्युतभारांचं आणि सापेक्षतेचं फळ आहे, हे पर्सेल दाखवतात, आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. पण त्यासाठी विशिष्ट सापेक्षता आधी यावी लागते आणि सदिश कलन बरोबरीने. क्लेपनरच्या शेवटच्या प्रकरणांत सापेक्षता आहे, ती करूनच पर्सेल उघडावा. आणि मॉरिन यांनी सुधारलेली २०१३ ची तिसरी आवृत्तीच घ्यायला सांगा. जुन्या आवृत्त्यांत एककं सीजीएस आहेत, तर आपली मुलं एसआयमध्ये वाढलेली. फुटपाथवर स्वस्तात मिळाली म्हणून जुनी प्रत घेतलेल्या मुलाला सूत्रांतले ४π आणि प्रकाशाचा वेग कुठून येतात-जातात तेच कळत नाही.

आणि फाइनमन. मुलाच्या हातात हे तीन लाल खंड द्यावेत असं कुठल्या शिक्षकाला वाटणार नाही? १९६१ ते ६३ या काळात कॅलटेकच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला दिलेली ती व्याख्यानं. पण स्वतः फाइनमननीच प्रस्तावनेत शंका व्यक्त केली आहे की बहुतेक विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा प्रयोग फारसा यशस्वी झाला नसावा. मूळ खंडांत स्वाध्याय नाहीत. वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि पुस्तक मिटल्यावर हातात काही उरत नाही, असा अनुभव मुलं सांगतात तो त्यामुळेच. फाइनमन सोबतीला असावा: क्लेपनरचं प्रकरण झालं, गणितं झाली, मग त्याच विषयावरचं त्यांचं व्याख्यान वाचावं. कॅलटेकने ती २०१३ पासून इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवली आहेत, तेव्हा विकत घेण्याचाही प्रश्न नाही.

याच फाइनमनच्या आयुष्यातली एक गोष्ट तुमच्याच पेशाची आहे. शाळेत त्यांच्या बेडर नावाच्या शिक्षकांनी पाहिलं की हा मुलगा वर्गात कंटाळतो. त्यांनी त्याला वूड्सचं ‘अ‍ॅडव्हान्स्ड कॅल्क्युलस’ दिलं आणि मागच्या कोपऱ्यात बसून ते शिकायला सांगितलं. तिथे शिकलेली संकलनाची एक रीत फाइनमननी पुढे आयुष्यभर वापरली. बेडर सरांनी त्याला यादी दिली नव्हती. मुलगा ओळखून एक पुस्तक दिलं होतं, आणि वर्गात ते वाचायची परवानगीही दिली होती.

यादीचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या मोबाइलमध्ये पीडीएफची भांडारं असतात. यामिकीवर सात पुस्तकं, कलनावर नऊ, प्रत्येकाची पहिली वीस पानं वाचलेली. त्यांना पुस्तक निवडायची एक रीत शिकवा. ज्यातलं काहीतरी आधीच येतं असं एकच प्रकरण घ्यायचं, समजा ऊर्जा अक्षय्यतेचं, आणि ते तीन पुस्तकांत वाचायचं. ज्या पुस्तकाने माहीत असलेल्या गोष्टीत नवा प्रश्न उभा केला, आणि ज्यातल्या स्वाध्यायांपैकी साधारण निम्मे जमले, ते आपलं. बाकीची दोन बंद करायची. सगळे स्वाध्याय जमत असतील तर पुस्तक सोपं आहे. एकही जमत नसेल तर ते आणखी वर्षाने उघडावं. एवढं सांगायला तुमची दहा मिनिटं लागतील आणि त्या मुलाचं एक वर्ष वाचेल.

‘लवकर तयारी’ याचाही अर्थ आपण बिघडवून ठेवला आहे. आठवीपासून फाउंडेशन, अकरावीत बारावीचं, बारावीत पदवीचं, असा पुढचा अभ्यासक्रम आधी उरकणं म्हणजे तयारी नव्हे. जयंत नारळीकरांनी आत्मचरित्रात आपल्या मोरूमामांबद्दल लिहिलंय. बनारसच्या घरी फळ्यावर मामा गणितातलं एक आव्हान लिहून ठेवत, आणि ते सुटेपर्यंत किंवा भाच्याने हार मानेपर्यंत तिथेच राही. वेळ लावलेली नाही, गुण नाहीत. तुमच्या वर्गाच्या मागच्या फळ्याचा एक कोपरा यासाठी राखून ठेवता आला तर बघा. मजकूर कुठून आणायचा हा प्रश्न नाही, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने ऑलिम्पियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह खुल्या ठेवल्या आहेत. पालक ‘यात मार्कांचा काय फायदा’ म्हणून विचारतील. त्यांना सांगा की सीएमआय आणि आयएसआयच्या प्रवेश परीक्षांत सिद्धता लिहायला लावणारे प्रश्न असतात, आणि त्यासाठी दोन मिनिटांची रीत उपयोगी पडत नाही.

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलांसाठी मला वेगळं काही मागायचं आहे. अकरावीत विज्ञान शाखेला आलं की त्यांची पुस्तकं एकदम इंग्रजी होतात. सूत्रं आणि आकृत्या वाचून ती परीक्षा पार पाडतात, पण सलग वीस पानांचं इंग्रजी गद्य वाचायची सवय त्यांना नसते, आणि वर सांगितलेली सगळी पुस्तकं अशा गद्यानेच बोलतात. ही मुलं पुस्तक परत आणून देतात तेव्हा ‘अवघड आहे’ म्हणतात. त्यांना अडवतो तो विषय नसतो. कृपा करून पहिलं प्रकरण त्यांच्यासोबत बसून वाचा. एक परिच्छेद त्याने मोठ्याने वाचायचा, तुम्ही मराठीत चर्चा करायची, मग पुढचा. मराठीत विचार करणं कमीपणाचं आहे असं त्याला वाटू देऊ नका. दोन प्रकरणांनंतर तो एकटा वाचू लागतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

ग्रंथालयाबद्दल बोललंच पाहिजे. आपल्याकडे कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालय पुष्कळदा एकाच आवारात असतं, ग्रंथालयही एकच. तरीही अकरावीच्या मुलाच्या कार्डावर फक्त अकरावी-बारावीचीच पुस्तकं मिळतील, असा नियम मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिला. वरच्या मजल्यावरच्या कपाटात क्लेपनर, स्पिव्हॅक, अपॉस्टल वर्षानुवर्षं बसून आहेत, एकही शिक्का न पडता. एका मुलीला असं कपाट काचेबाहेरून दाखवून ‘एफवायला आलीस की घे’ असं सांगण्यात आलं. तुम्ही तुमच्या नावावर ते पुस्तक काढून द्या. हरवेल या भीतीपेक्षा ते वाचलं जाणार नाही ही भीती मोठी असायला हवी. प्राचार्यांना एक अर्ज करून हा नियम बदलता येत असेल तर तोही करा. शेतमजुराच्या मुलीला अप्पा बळवंत चौकातून परदेशी पुस्तक विकत आणायला सांगणं म्हणजे तिला नाही म्हणण्यासारखंच आहे. ज्या गावात ग्रंथालयही नाही तिथल्या मुलाला फुकट काय मिळतं ते तरी सांगा: एनसीईआरटी आणि बालभारतीची पुस्तकं, ओपनस्टॅक्सचं तीन खंडांतलं ‘युनिव्हर्सिटी फिजिक्स’, अ‍ॅक्सलरच्या रेषीय बीजगणिताची चौथी आवृत्ती, आणि एनपीटीईएलवरची आपल्याच आयआयटींतली व्याख्यानं.

शेवटची विनंती वेळेची. मॉड्यूल, डीपीपी, रविवारची टेस्ट, या सगळ्यातून अशा मुलाला आठवड्यातला एक सलग अर्धा दिवस सोडवून द्या. त्या दिवशीची टेस्ट बुडाली तर पालकांना फोन करू नका, उलट तुम्हीच त्यांना आधी समजावून सांगा. तुमच्या शब्दाला घरात जे वजन आहे ते आमच्या शब्दाला नाही.

आणि एखादं मूल तुमच्यापुढे असा प्रश्न घेऊन उभं राहिलं, आणि काय सांगावं हे तुम्हालाही ठरवता येईना, तर त्याला जवळच्या पदवी महाविद्यालयात आमच्याकडे पाठवा. आमचा विभाग दुपारी तीननंतर उघडा असतो. पुस्तकं मांडून ठेवू, बसायला बाक देऊ, आणि त्याचं उत्तर चुकलं तर कुठे चुकलं ते त्याच्यासोबत शोधू. येताना त्याने बारावीच्या पुस्तकातलं न कळलेलं एक पान घेऊन यावं, एवढंच त्याला सांगा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवणारा एक शिक्षक